चाळीस कार्डांतली बाई

८ जानेवारी

अहो,

तुमचा गठ्ठा पोचला. कुरिअरवाला आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी घेऊन ठेवला आणि तो द्यायच्या निमित्ताने वर येऊन तासभर बसल्या. चपला नेहमीसारख्या शेजारी शेजारी काढल्या आणि जाताना दार अडकलं. आपलं दार आत उघडतं, पॅसेज हातभर रुंद, बाई इतकी वर्षं येतेय, पण लक्षात ठेवेल तर शपथ. असो.

'इन फ्रंट ऑफ'ची चाळीस कार्डं मोजून घेतली. तुमच्या मोठ्या संपादकांना अजून तुमचं अक्षर लागत नाही ना? बरं झालं. लागत असतं तर मला कुणी विचारलं असतं! ऑगस्टपासून तुम्ही तिकडे त्या भाड्याच्या खोलीत बसून कोश लिहिताय आणि तुमची कार्डं टाइप करायला तीनशे मैल लांब माझ्याकडे येतात, हे ऐकून वहिनी पोट धरून हसल्या. मी म्हटलं, हसू नका, ह्यांचं अक्षर जगात दोघींनाच लागतं, आणि त्यातली एक मी.

फोन करू नका. फोनवर तुम्ही 'हं' म्हणता. त्या 'हं'चं मी काय लोणचं घालू? कागदावर निदान काहीतरी लिहावं लागतं.

आता मुद्द्याचं. चाळीस कार्डं मी आधी नुसती वाचून काढली, नेहमी काढते तशी. वर इंग्रजी वाक्य, खाली आपल्या भाषेत अर्थ. सहावं कार्ड, 'एक बाई खिडकीसमोर बसून काम करते.' ठीक. अकरावं, 'त्या बाईसमोर दिवा आहे.' असू दे बापडा. चौदावं, 'बाई दिव्यासमोर मान खाली घालते तेव्हा तिचे केस पुढे येतात.' इथे माझा चहा गार झाला. एकोणिसावं, 'तो माणूस बाईच्या दुकानासमोर तीन दिवस उभा राहिला.' तेविसावं, 'चौथ्या दिवशी बाईने त्याच्यासमोर कप ठेवला.'

कोण ही?

उदाहरणात नाव घालायचं नाही, गाव घालायचं नाही, कुठल्याही मुलाला वाक्य आपल्याच गल्लीतलं वाटलं पाहिजे, हा तुमच्या ऑफिसचा नियम मला तोंडपाठ आहे. तेव्हा नाव नाही म्हणून माझी तक्रार नाही. पण तुम्ही मनाने काही रचू शकत नाही, हेही मला तोंडपाठ आहे. तो तुमचा दोष नाही, जन्मजात आहे. गोष्ट सांगायला बसवलं की 'एक राजा होता' याच्यापुढे तुमची गाडी कधी गेली नाही. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही एकही वाक्य असं लिहिलं नाहीत की जे तुमच्या डोळ्यांदेखत घडलं नव्हतं. 'बिकॉज ऑफ' आठवतंय? 'नळ गळत असल्यामुळे माझी पत्नी दोन दिवस बोलली नाही.' 'इन्स्टेड ऑफ', 'माझ्या पत्नीने साखरेऐवजी मीठ घातलं.' 'इन स्पाइट ऑफ', 'ताप असूनही माझी पत्नी भावाच्या लग्नाला गेली.' बँकेतला तो चष्मेवाला कारकून मला विचारतो, "काय हो, नळ झाला का दुरुस्त?" शाळेत तुमचंच पुस्तक शिकला होता मेला. गावभर माझी शोभा झाली, पण मी कधी हूं की चूं केलं नाही, कारण पुस्तकात निदान मी होते.

या खेपेला मी आहे का? आहे. अडतिसावं कार्ड. 'माझी पत्नी कॉम्प्युटरसमोर बसते.' चाळीस कार्डांत ती बाई नऊ वेळा आणि मी एकदा. तिच्यासमोर दिवा, खिडकी, कप, केस. आणि माझ्या वाट्याला कॉम्प्युटर!

उलट टपाली उत्तर पाठवा. तब्येतीला जपा. मफलर पेटीत तळाला आहे.

तुमची (अजून तरी)
मी


१५ जानेवारी

अहो,

पत्र मिळालं. 'अगं, उदाहरणं आहेत ती, डोक्यात राख घालून घेऊ नकोस.' संपलं? चार ओळी मफलरवर आणि एक ओळ माझ्या संसारावर?

आणि वर लिहिता, 'सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हे लिहायला बसलो.' वीस मिनिटं तुम्हाला कुठून कळली हो? खोलीत घड्याळ नाही म्हणून ऑगस्टमध्ये रडत होतात. मोबाइल सदा बंद. हातातलं घड्याळ चार वर्षं पावणेदोनला थांबलंय. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं ते घड्याळ घेऊन मी तीन दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. एकजात सगळ्यांनी सांगितलं, ताई, याचे भाग मिळत नाहीत, आठवण म्हणून ठेवा. तुम्ही ते बंदच हातात बांधत राहिलात. मला मनातून बरं वाटायचं.

म्हणजे घड्याळ चालू झालंय. कार्ड नंबर सव्वीस पुन्हा काढून बघितलं, 'बाई डोळ्यासमोर भिंग धरते.' तेव्हा वाटलं होतं, असेल बिचारीला कमी दिसत. आता ट्यूब पेटली. घड्याळजी आहे ती! खिडकी, दिवा, भिंग. माझ्या बापाचं घड्याळ, जे तीन दुकानांत झालं नाही, ते ह्या बयेने करून दिलं. काय पण नशीब एकेकाचं.

दुसरं. एकोणिसाव्या कार्डात तुम्ही 'दुकानासमोर' उभे होतात ते रस्त्याच्या पलीकडे नव्हे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि कप मांडून तुम्ही मला शिकवलंत ते मी विसरलेली नाही. मध्ये रस्ता असेल, टेबल असेल, तर 'ऑपोझिट'. मध्ये काही नसेल, अगदी तोंडापाशी, तर 'इन फ्रंट ऑफ'. आपल्या भाषेत दोन्हीला 'समोर'च म्हणतात म्हणून मुलं चुकतात, म्हणालात. तुम्ही दूध आणायला जाऊन पेपर घेऊन याल, मुलीचा वाढदिवस विसराल, पण हे चुकणार नाही. म्हणजे तीन दिवस तुम्ही तिच्या दारातच उभे होतात, मध्ये रस्ताबिस्ता काही नाही. साठीला आलेला माणूस! लोकांनी काय म्हटलं असेल, याची तरी लाज?

आणि हे एकतिसावं. 'ती बाई त्याच्यासमोर रडत नाही.' वाक्य काय लिहिलंय, वा! दुसऱ्या कुणासमोर रडते वाटतं? आणि तिने का रडावं? तिला रडायला काय झालं? रडायचं तर मी रडावं. मी तर तुमच्यासमोर शेवटची कधी रडले ते तुम्हाला सांगताही येणार नाही. मला येतं, पण लिहीत नाही.

तिचं वय काय, एवढं एकच कळवा.

मी


१६ जानेवारी

कार्डं एकतीस टाइप करून ऑफिसला पाठवली. बाकीची नऊ माझ्याजवळ आहेत आणि राहतील.

पत्र नको.


२३ जानेवारी

अहो,

तुमच्या मोठ्या संपादकांचा फोन आला होता. फार गोड बोलतात. "वहिनी, नऊ वाक्यं कमी आहेत, कुठं गहाळ झाली का?" मी सांगितलं, अक्षर लागत नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते म्हणाले, तुम्हाला लागत नाही म्हणजे मग कुणालाच नाही. मला त्या माणसाची दया आली, पण कार्डं दिली नाहीत.

तुमचं पत्र आलं तेही फोडलं. 'तू समजतेस तसं काही नाही. वेळ आली की सांगेन.' वेळ कसली यायची आहे? मुहूर्त काढायला दिलाय का?

वहिनींना सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचं नव्हतं, पण नऊ कार्डं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून बसले होते आणि त्या नेमक्या तेव्हा आल्या. त्यांनी सगळी वाचली आणि म्हणाल्या, "अहो, ह्यात वावगं काय आहे? बाई काम करते, दिवा लावते, चहा देते." मी म्हटलं, वहिनी, तुमचे हे कधी कुणाकडे बघून नऊ वाक्यं लिहितात का? आमचे हे तर जाहिरातसुद्धा वाचत नाहीत, म्हणाल्या, आणि जरा हिरमुसल्या. त्यांचं दुःख वेगळं, माझं वेगळं.

काल मी आरशासमोर उभी राहिले. दिवा लावला, मान खाली घातली, केस पुढे येतात का बघितलं. चार बटा आल्या, तीन पांढऱ्या. चोपन्न वर्षांची बाई आरशासमोर मान वाकवून उभी आहे, असं कार्ड तुम्ही कधी लिहिणार नाही. लिहिलंत तर मी टाइप करणार नाही.

तुम्हाला वाटत असेल ही उगाच संशयी आहे. मी जळकी आहे, हे मी मान्य करते. पहिल्यापासून आहे. तुम्ही आणि ठकू संध्याकाळी पेपरातल्या चुका शोधत बसायचात, लाल पेन्सिल घेऊन, आणि एकदम दोघं खो खो हसायचात. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" आणि ठकू म्हणायची, "काही नाही गं आई, तुला नाही कळायचं." ती सात वर्षांची होती. मी विळीवर बोट कापून घेतलं होतं त्या दिवशी. आपल्याच पोटच्या पोरीचा हेवा करणारी बाई मी, तर परक्या बाईचा का नाही करणार?

तिचं नाव आज किती दिवसांनी लिहिलं मी. लिहिलं आहे तर लिहूनच टाकते, कारण त्या दिवसापासून आपण दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

माझ्या वडिलांनी मला शाळेनंतर टायपिंगला घातलं, कॉलेजला नाही. इंग्रजी मी शिकले ते तुमची कार्डं टाइप करून, अर्थ खाली असायचा म्हणून. ठकूने कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा मी पेढे... नाही, पेढे नाही, पण सगळ्या जिन्याला सांगत सुटले होते. शेवटच्या वर्षाला तुमचंच पुस्तक लागलं. ज्यातलं अक्षर न् अक्षर मी ह्या दहा बोटांनी टाइप केलं, त्याच पुस्तकावरचा पेपर पोरीने कोरा दिला. नुसता नंबर लिहिला आणि उठून आली. आणि वर मला सांगते, "मला हे नको होतं आई, तुला हवं होतं." खरं बोलली. म्हणूनच मला ते झोंबलं.

मी काय म्हटलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पॅसेजमध्येच उभे होतात. "पुन्हा माझ्यासमोर उभी राहू नकोस." सगळ्या आया म्हणतात. संध्याकाळी विसरतात. ही पिशवी भरून गेली ती गेलीच. सहा वर्षं होतील मार्चमध्ये. कुठे आहे, काय खाते, कोण आहे तिचं तिथे, काही माहीत नाही. तुम्ही त्या दिवशी चकार शब्द काढला नाहीत आणि पुढेही नाही. मी वाट बघत होते की तुम्ही मला ओरडाल.

तर एक माणूस मी माझ्या तोंडाने घालवलं. आता दुसरं जातंय, आणि ह्या खेपेला मी काहीही बोललेली नाही. म्हणून विचारते, आणि ह्यात चेष्टा नाही: तुम्ही परत येणार आहात की नाही?

मी


३० जानेवारी

अहो,

संपादकांनी तुम्हाला सांगितलं वाटतं. ती नऊ कार्डं तुम्ही पुन्हा लिहून पाठवलीत. अक्षर तर असं सुबक काढलंय की आंधळ्यालाही लागेल. आणि सोबत एक दहावं.

मी ते टाइप करायला घेतलं. रागाने का होईना, ऑफिसचं काम ते काम. वरचं इंग्रजी वाक्य पुरं टाइप करून झालं तेव्हा मला कळलं की मी काय टाइप केलं.

'ती बाई दुकानात येताना चपला एकापुढे एक काढून ठेवते.'

कॉम्प्युटर चालू टाकून मी पॅसेजमध्ये गेले. भिंतीला लागून माझ्या चपला होत्या. एक पुढे, तिच्या टाचेला दुसरीचा अंगठा लावून. अशा चपला जगात कुणी काढत नाही. वहिनी काढत नाहीत, तुम्हाला तर तीस वर्षांत जमलं नाही, रोज मी मागून सरळ करते. मी एकीलाच शिकवलं होतं. तीन वर्षांची होती. तिच्या पुढ्यात उकिडवी बसले होते आणि म्हटलं होतं, एक बाळ पुढे, एक बाळ मागे, म्हणजे दाराला लागत नाही. पुढे कितीतरी दिवस ती चपला काढताना 'एक बाळ, एक बाळ' म्हणायची.

तिथे दुकानाचं दार बाहेर उघडत असेल. तिथे कुणाच्या चपला कशा का असेनात.

अहो, ती ठकू आहे.

भिंग, दिवा, खिडकी. नऊ वर्षांची असताना तिने माझं गजराचं घड्याळ उघडून त्याची सगळी चाकं ताटात मांडून ठेवली होती. मी पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, अभ्यास कर. हे मला आठवायला नको होतं का? केस पुढे येतात म्हणून लिहिलंत, तेव्हा नको होतं का कळायला? कपाळावरची ती बट मी तेल लावून लावून हरले. पण मी बाई शोधत बसले होते. माझं डोकं एकाच दिशेला चालतं.

पाच मिनिटं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खाली वहिनींना ऐकू जाईल असं मोठ्याने रडले.

मग सहाव्या मिनिटाला माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो अजून उतरलेला नाही.

म्हणजे तुम्ही तिला बघताय. रोज! तिने तुमच्यासमोर कप ठेवला. तुमच्या मनगटावरचं माझ्या बापाचं घड्याळ तिने हातात घेतलं, उघडलं, चालू केलं. ती मान वाकवते ते तुम्ही बघता, आणि मी इथे आरशात माझी मान बघते. किती महिने चाललंय हे? दोघं बसून लाल पेन्सिलने पेपरातल्या चुका काढता का? हसता का? मी विचारलं तर "तुला नाही कळायचं" म्हणणार का दोघं?

खरं सांगते, ती कुणी परकी बाई असती तर मी कमी जळले असते. तिच्याशी भांडता आलं असतं. हिच्याशी कशी भांडू? आणि तुमच्याशी तरी? तुम्ही माझी सवत आणली असतीत तर सगळ्या जिन्याने माझी बाजू घेतली असती. आता सांगून बघा कुणाला, की बाई नवऱ्याचा हेवा करते, कारण तो मुलीला भेटला.

माझा नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय असं तुम्ही मला तीन आठवडे वाटू दिलंत. पण मुलगी सापडली, एवढे दोन शब्द लिहिले नाहीत.

का?

मी


६ फेब्रुवारी

अहो,

तुमचं सात पानांचं पत्र मिळालं. इतकं तुम्ही लग्न ठरल्यावरही लिहिलं नव्हतंत. तीन वेळा वाचलं.

सप्टेंबरमध्ये घड्याळाचा पट्टा तुटला, तो बदलायला गेलात आणि खिडकीत ती बसलेली दिसली. तीन दिवस दारात उभे राहिलात, आत जायचा धीर होईना, आणि ती मान वर करेना. चौथ्या दिवशी तिनेच दार उघडलं आणि चहा ठेवला. वाचताना मी तुमच्या जागी उभी होते. चौथ्या दिवसापर्यंत मी थांबू शकले नसते, काचेवर थापा मारल्या असत्या. तुम्ही थांबलात म्हणून तिने उघडलं असेल. ही एक गोष्ट मी तुमच्याकडून शिकायला हवी होती.

आणि तिची अट. "आईला सांगायचं नाही. तिने सांगितलंय, समोर उभी राहू नकोस. मी राहत नाही."

आयुष्यात कार्टीने माझं एक ऐकलं नाही! दूध पी म्हटलं, ओतून दिलं. वेणी घाल म्हटलं, केस कापून आली. पेपर लिही म्हटलं, कोरा दिला. आणि हे एक, जे ऐकायचं नव्हतं, ते सहा वर्षं नेमाने पाळतेय!

तुम्ही शब्द दिलात आणि पाळलात. सांगितलं नाहीत. पण खोटंही रचता येईना, तेव्हा जे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं तेच कार्डांवर उतरवून माझ्याकडे पाठवत राहिलात. 'मला दुसरं काही सुचतच नव्हतं गं,' असं लिहिलंय. ठीक आहे, पहिली नऊ तशी आली असतील. पण ते दहावं? संपादकांनी नऊच मागितली होती. दहावं कार्ड मला कळावं म्हणून पाठवलंत की तेही आपसूक आलं, हे मी विचारणार नाही. तुमच्यात इतका धूर्तपणा असेल असं मला तीस वर्षांत वाटलं नव्हतं. असला तर असू दे.

राग गेलाय का? नाही. इथून पुढे तुम्ही 'ठकू म्हणत होती' असं वाक्य सुरू केलंत की माझ्या पोटात दुखणार आहे, आधीच सांगून ठेवते. पाच महिने तुम्ही माझ्याआधी तिला बघितलंय. हे कर्ज नाही की फिटेल. ते तसंच राहणार, आणि मी अधूनमधून काढणार, आणि तुम्ही 'हं' म्हणायचं.

दहाही कार्डं टाइप करून आज ऑफिसला पाठवली. संपादकांना सांगितलं, अक्षर लागलं. फक्त दहाव्याचं मूळ कार्ड ठेवून घेतलंय, पर्समध्ये आहे. अडतिसावं आधीच गेलं होतं, ते मात्र मी बदलून पुन्हा पाठवलंय. तुम्हाला न विचारता पहिल्यांदाच. 'माझी पत्नी कॉम्प्युटरसमोर बसते' खोडलं. त्या जागी काय घातलं ते पुस्तक छापून आल्यावर बघा. नाहीतर सोमवारी आपल्या डोळ्यांनी बघा.

कारण रविवारच्या रात्रीच्या गाडीने मी येतेय, सोमवारी सकाळी पोचेन. तिकीट काढलंय. दुकान दहाला उघडतं असं तुमच्या पत्रात आहे. मी साडेनऊला तिथे असेन. तुम्ही जवळ यायचं नाही, बघायचं तर रस्त्यापलीकडून बघा. तिला सांगायचंही नाही. तिला दिलेला शब्द पाळलात, आता मलाही एक द्या आणि तो पाळा.

मी तिला माझ्यासमोर उभी राहू नकोस म्हटलं होतं. ते ती मोडणार नाही, माझीच मुलगी आहे. तेव्हा कुणीतरी तिच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं, आणि ते काम तुमचं नव्हतं. रस्त्यापलीकडून बघत बसणार नाही मी. अगदी दारात, मध्ये काही नसेल अशी. तीन दिवस लागले तर तीन दिवस. चार तर चार. वहिनींना सांगून ठेवलंय की दूधवाल्याला पुढचं कळवेपर्यंत बंद करा.

काय बोलायचं ते काही ठरवलेलं नाही. तीन दिवस विचार करतेय, एक वाक्य जमत नाही. तुमची सवय लागली की काय कोण जाणे.

तिने दार उघडलंच, तर आधी चपला काढीन. एक बाळ पुढे, एक बाळ मागे. ती बघेल.

मी